बाजेवरची मोटर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भोंग्याला थोडा वेळ असताना, पाळणा मध्येच थांबला.

पाळणा म्हणजे आरागिरणीच्या वर्कशॉपमधली लिफ्ट. नाल्याकाठच्या खालच्या अंगणात सागाचे ओंडके येऊन पडत, आणि करवतीचं जोतं होतं वीस-बावीस फूट वर. मध्ये चार लोखंडी खांबांत जाड फळ्यांचा एक चौक वर-खाली होई. वर तुळईवर विजेची मोटर बसवली होती, ती त्याला तारेच्या दोरानं ओढी. कुठल्याशा बंद पडलेल्या कोळसाखाणीतून ती जुनी मोटर आणली होती. तिच्यावरची नावाची पितळी पट्टी कधीच पडून गेली होती, स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती. गिरणीत ढलप्यांवर चालणारं वाफेचं इंजीन, इंजिनावर डायनामो, आणि डायनामोवर ही मोटर. आलापल्लीच्या त्या बाजूला तेव्हा वीज होती ती एवढीच, आणि ती माझ्या वडिलांच्या हातात होती. त्यांना सगळे कवडू मिस्त्री म्हणत.

मी मूलच्या शाळेत शिकवत होते. पोळ्याला चार दिवस म्हणून घरी आले, आणि आष्टीच्या घाटावर वैनगंगा चढून डोंगा बंद झाला. त्या दुपारी मी बाबांची भाकर घेऊन गिरणीत गेले होते. जळक्या कापसाचा आणि लाखेचा वास आधी आला. मग मोटरीतून पिवळट धूर निघाला, आणि पाळणा अर्ध्या वाटेवरून कुरकुरत खाली उतरून टेकला. पाळणा वर-खाली करायच्या दांड्यावर चैतू होता. त्यानं आणि त्याच्या जोडीला ओंडके लोटणाऱ्या कोलूनं आधी ओंडके ढकलून बाजूच्या ढिगाकडे लोटले. बाबा धावत आले. ते प्रथम भिंतीवरच्या फ्यूजच्या पेटीकडे गेले, नंतर शिडी चढून मोटरीकडे.

गिरणीचे मॅनेजर गुणवंतराव छत्री मिटत आले. ते वाईट माणूस नव्हते. किती लाकूड चिरलं याचा आकडा रोज संध्याकाळी त्यांना नागपूरच्या ऑफिससाठी लिहून ठेवावा लागे, आणि पावसाळ्यात तो आकडा कमीच भरे.

"फ्यूज नाई उडला काय, मिस्त्री?"

"उडला." बाबांनी खाली येऊन पेटी उघडून दाखवली. आत बारीक तार वितळून दोन टोकांना चिकटलेली होती. "पन उशिरा उडला. भार लय होता."

गुणवंतराव चैतूकडे वळले. "काय गा, किती ओंडके घातले होते?"

"दोन."

"दोन म्हंजे किती? बोटं दाखव."

चैतूनं दोन बोटं वर केली.

गुणवंतरावांनी तीन बोटं त्याच्यापुढे धरली. "अन् हे किती?"

"तीन."

"म्हंजे येते तुले मोजाले. मंग मोजूनच घातले ना तीन."

वरच्या जोत्यावरून आरेवाले वाकून पाहत होते, ते हसले. खालचेही हसले. चैतू दोन बोटं तशीच धरून उभा होता. मग ती त्यानं हळूच मुठीत घेतली. गुणवंतरावांनी कोलूला विचारलं. कोलू म्हणाला, "मी तं मांगून लोटत होतो साहेब, मले काय दिसते."

"मोटर सुरू होतवरी तू चढणीवर खांदा दे," गुणवंतराव चैतूला म्हणाले. "मंग पाहू."

चैतू आमच्या गिरणीपासून चार कोस आतल्या गावचा, गोंड. पाळणा बसण्याआधी सात वर्षं त्यानं याच चढणीवरून ओंडके खांद्यानं वर नेले होते. त्याच्या डाव्या खांद्यावर मध्यम कांद्याएवढी गाठ होती. पाळणा बसला तेव्हा बाबांनी दांड्यासाठी त्यालाच निवडलं. दांडा कसा हळू ओढायचा, पाळणा टेकताना कसा सोडायचा, हे त्याला महिनाभर हाताला हात धरून शिकवलं. त्याच्या गावातून यंत्राला हात लावणारा तो पहिला. बाजाराच्या दिवशी त्याच्या गावचे लोक गिरणीच्या कुंपणाशी उभे राहून त्याला पाहत.

आता तो पुन्हा चढणीवर गेला.

*

मोटर खोलली तेव्हा आतला फिरणारा गाभा एका बाजूनं कोळसा झाला होता. बाबा त्याला आर्मेचर म्हणत. कामगार त्याला लाटणं म्हणत, आणि ते खरोखर तसंच दिसे, पण वजन मणभर. बांबूला टांगून चौघांनी ते आमच्या घरी आणलं. गिरणीत भुसा फार, आणि उघड्या तांब्याला भुसा चालत नाही, म्हणून बाबांनी घरचा पडवीचा कोपरा निवडला.

जळलेले वेढे उकलायला पाच दिवस गेले. प्रत्येक वेढा ते मोजत, कागदावर रेघ ओढत, तार कुठून निघून कुठे जाते ते काढून ठेवत. त्यांची बोटं जाड होती, नखं कायमची काळी, पण तार धरताना ती कुंकू लावणाऱ्या बाईच्या बोटांसारखी हलकी होत. नवी तार कोठीत होती, सूत गुंडाळलेली; तिचे त्यांनी त्याच मोजानं वेढे घातले. नव्हतं ते वॉर्निश. वेढ्यावेढ्यांमध्ये ते भरून वाळवल्याशिवाय मोटर पुन्हा पहिल्याच दिवशी जळली असती. मागच्या वर्षीचा डबा दगड होऊन गेला होता, आणि नवा डबा नदीच्या पलीकडे.

"लाख आन, चैतू," बाबा म्हणाले. "कुसुमाच्या झाडाची. पहिले वॉर्निश लाखेचंच करत होते."

चैतू संध्याकाळी कामावरून सुटला की आमच्याकडे येई. मोटर सुरू झाली तर तो पाळण्यावर जाणार होता; त्याला बोलवावं लागत नसे. त्याची बायको मंगली हिच्या माहेरी जेठात काढलेली लाख होती. ती टोपलीभर घेऊन आली. चैतूनं पाट्यावर बसून ती काड्यांपासून सोलली, कुटली, धुतली. त्याचे तळहात लाल झाले.

लाख विरघळायला स्पिरिट लागतं. तेही नव्हतं. मंगली म्हणाली, "पहिल्या धारेची मोहाची देतो. काडी लावली तं जळते."

ती बाटली घेऊन आली. बाबांनी थेंबभर दगडावर टाकून काडी लावली. निळी ज्योत उठली आणि विझली. दगडावर पाणी उरलं. तरी त्यांनी लाख त्यात घातली. दोन दिवस मडकं उन्हाविना अंगणात ठेवलं. लाख अर्धी विरघळली, अर्धी खाली गोळा झाली, आणि वेढ्यांवर दिलेला थर तसाच चिकट राहिला. बोट लावलं की बोटाला दोरा येई.

"पानी आहे त्यात," बाबा म्हणाले.

"मंग पुन्हा चढवा," मंगलीनं सांगितलं. "दारूचीच दारू काढाची. माहा बाप लगनात काढे, नवरदेवाच्या मामासाठी."

माझी माय एकादशा करणारी. तिच्याच परसात दोन मडकी एकमेकांवर बसली, मध्ये शेणाचा लेप लागला, आणि मंगली नळीखाली वाटी धरून बसली. शेजारची सुकरी कुडावरून डोकावली.

"काय व रुखमा, मिस्त्रीनं कवापासून सुरू केली?"

"मोटर पेते," माय म्हणाली. "मिस्त्रीले वासही देत नाई."

या खेपेची काडी लावताच जळून गेली आणि दगड कोरडा राहिला. लाख विरघळून मधासारखी झाली.

आता प्रश्न होता वाळवण्याचा. भादव्याची झड लागली होती. घरात मिठालाही पाणी सुटलं होतं. बाबा म्हणाले, दहा-बारा दिवस सारखी मंद ऊब पाहिजे, जास्त झाली तर सूत करपेल, कमी पडली तर आत ओल राहील. गिरणीच्या बॉयलरजवळ ऊब होती पण तिथे वाफ. माय तांदूळ निवडत ऐकत होती.

"बाळंतिणीले कशी ऊब देते?" ती म्हणाली. "बाजेखाली शेगडी ठेवून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि बाजेची सुतळी सोडायला लागले.

सुतळीच्या जागी लोखंडी पट्ट्या आल्या. त्यांच्यावर लाखेनं न्हालेलं लाटणं निजवलं. खाली शेगडी, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत घोंगड्या. माय दर घटकेला घोंगडी उचलून हात आत घाली, उलट्या पंज्यानं ऊब पाही, आणि एखादा निखारा चिमट्यानं काढी किंवा घाली. बाबांना या कामात ती हात लावू देईना. "तुमचे हात निबर आहेत, तुमाले नाई समजनार," म्हणे. बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत, तसं त्या बाजेलाही तिनं एकटं सोडलं नाही. परसात जायचं झालं तर मला बसवून जाई. सुकरी खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली.

"पोरगी झाली का पोरगा?"

"होऊ दे मंग सांगीन. तुलेच आत्या करतो बारशाले."

बाबाही त्या दिवशी हसले. पोळ्यापासून त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

*

चौथ्या दिवशी पावसानं उघाड दिली. मायनं साचलेले कपडे विहिरीवर नेले. बाबांचा धुराचा वास आलेला सदरा तसाच खुंटीला राहिला होता, तोही नेला. ती परत आली तेव्हा पिळे अजून बादलीतच होते, आणि तिच्या हातात बोटभर तार होती. दुहेरी पिळलेली, जाड, दोन्ही टोकं काळी.

"खिशात होती. हे कायची आहे व? टाकू का?"

मी ती घेतली. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला गिरणीतली एक फ्यूजची पेटी उघडून दाखवली होती. म्हणाले होते, बारीक तार आधी मरते, म्हून मोटर जगते. म्हणून तार बारीकच पाहिजे. तिच्या जागी जाड तार घातली तर ती मरत नाही.

"कमळे, काय झालं?"

"ही पाळण्याच्या पेटीत होती," मी म्हटलं. "मोटर जळली तेव्हा. नंतर काढून बारीक घातली."

माय विजेतलं काही जाणत नव्हती, पण बाबांजवळ तीस वर्षं राहिली होती. तिनं फार विचारलं नाही.

"मंग चैतूनं..."

"दोनच घातले असतील."

ती खाली बसली. घोंगडी उचलून तिनं आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "मी पाह्यली म्हून त्याइले सांगू नको."

त्या संध्याकाळी चैतू आणि मंगली आले. चढणीवर पंधरा दिवस झाले होते. त्याच्या खांद्यावरची गाठ सुजून चकाकत होती आणि त्याला डावा हात वर होत नव्हता. सदरा काढताना मंगलीनं त्याची बाही ओढली. मायनं शेगडीची एक बाजू मोकळी केली. मंगली एरंडाची पानं तेल लावून तिथे गरम करू लागली आणि एकेक करून त्याच्या खांद्यावर दाबू लागली. त्याच निखाऱ्यांवर वर मोटर, बाजूला तो. बाबा आमच्याकडे पाठ करून मोटरीचे पितळी भाग कानशीनं घासत बसले होते.

"मिस्त्री," चैतू म्हणाला, "मी दोनच घातले होते."

"हव."

"तुमी मानता ना?"

कानस थांबली. "मानतो."

पान निवलं होतं, मंगलीनं दुसरं लावलं.

"पन आता मलेच समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "साहेब तीन म्हनते. कोलू बोलत नाई. चढनीवरचे सारेच मले तीन बोटं दाखवते. मी डोळे मिटतो अन् पाहतो, तं कधी दोन दिसते, कधी तीन. त्या दिवशी सकाळपासून पोट रिकामं होतं. भुललोही असन."

"भुलला असन कायचा," मंगली म्हणाली. "दोनावर तिसरा ठेवाले जागा तरी आहे काय तिथी."

"जागा आहे व. आडवा घातला तं बसते. मी काल जाऊन पाह्यलं."

कानस पुन्हा सुरू झाली, पण ती घासत नव्हती, नुसती पितळेवरून फिरत होती.

सकाळी बाबा विहिरीवर तोंड धूत असताना मी ती तार त्यांच्यासमोर धरली.

"कोनाच्या हाती लागली?"

"माझ्या."

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, कान पुसले, मान पुसली.

"रोज दोनदा फ्यूज उडे," ते म्हणाले. "ओले ओंडके. साहेब म्हने, मिस्त्री, तुमाले पाळना चालवाचा आहे का नाई. एका दिवसासाठी म्हून पिळून घातली. मंग तशीच राह्यली. धूर निघाला तवा हातच गेला आधी. डब्यात एक उडालेली होती, ते लावली."

"भार लय होता, हे तुम्ही म्हणालात."

"भार होताच. ओले होते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोटर सुरू होऊ दे, कमळे. सुरू झाली की साहेब खूश. चैतूले पाळन्यावर घेईन. मी बोलून ठेवलं आहे त्याइच्याशी. त्याचं काही जात नाई, अन् सांगाचं कामच पडत नाई."

"आणि त्याला तीन दिसायला लागले, त्याचं काय?"

बाबांनी बादली उचलली आणि घराकडे चालायला लागले. तार माझ्याच हातात राहिली. मी ती विहिरीत टाकली.

*

घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी मोटर गिरणीत गेली. घोंगड्या काढल्या तेव्हा लाख वाळून गडद मधाच्या रंगाची झाली होती, नख मारलं तर नखच मुडपे. मायनं लाटण्यावरून हळदीकुंकू ओवाळलं, पण लावलं नाही. बाबांनी आधीच सांगितलं होतं. आष्टीचा घाट सुरू झाला होता आणि दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. मी आणि माय दोघीही पाहायला गेलो.

चैतूनं आणि कोलूनं बांबूवरून मोटर वर चढवली. बाबांनी ती बसवली, तारा जोडल्या, पेटीत बारीक तार घातली. मग त्यांनी एक लाकडी काडी मोटरीवर टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावलं आणि हात केला. चैतूनं दांडा ओढला. मोटर गुरगुरली, आत निळ्या ठिणग्या उडाल्या, कमी झाल्या, आणि पाळणा उठला. आधी रिकामा. मग एक ओंडका. मग दोन. दोन ओंडके घेऊन तो वर जोत्याला जाऊन लागला तेव्हा आरेवाल्यांनी आरोळी दिली. माय पदराचं टोक दातात धरून वर पाहत होती.

"कमाल केली मिस्त्री," गुणवंतराव म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि शाईची डबी ओंडक्यावर ठेवली. "चैतू, ये इकडं. नागपूरले कागद पाठवाचा आहे. तीन ओंडके घातले होते, पुन्हा घालणार नाई, असं लिहिलं आहे. अंगठा लाव अन् उद्यापासून पाळण्यावर ये. बाकी काही नाई."

चैतू पुढे आला. उजवा अंगठा त्यानं धोतराला पुसला आणि डबीत दाबला.

"तीनच असन साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बरं वाटल्यासारखा आवाज होता.

"दोन होते," बाबा म्हणाले.

ते शिडीवरून उतरत होते. शेवटच्या पायरीवरच थांबले.

"काय?"

"दोनच होते. पेटीत मी दुहेरी तार पिळून घातली होती. म्हून फ्यूज उडला नाई अन् मोटर जळली. तुमी यायच्या आधी मी ते काढली अन् डब्यातली उडालेली बारीक लावून ठेवली."

इंजिनाचा पट्टा फटफटत होता. गुणवंतरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मिस्त्री, मोटर चालून राह्यली. माणूस कामावर येऊन राह्यला. कोनाचं काही नुकसान नाई. आता काऊन उकरता?"

"कागद बदलवा साहेब."

"बदलवला तं तुमचं नाव लिहा लागन."

"लिहा."

चैतूचा अंगठा कागदापासून वीतभर वर होता. तो त्यानं मागे घेतला, त्याकडे पाहिलं, आणि ओंडक्याच्या सालीवर घासून पुसला. एकदा, दोनदा, सालीचे कपचे पडेपर्यंत. मग तो बाबांजवळून गेला. जाताना थांबला.

"मी तुमच्या घरी महिनाभर बसलो," तो म्हणाला. "लाख कुटली. मी इचारलं तवा मानतो म्हनले."

"हव."

"मले येडं केलं तुमी, बह्याड केलं."

चैतू नाल्याकडे उतरला आणि त्या दिवशी परत आला नाही.

*

बाबांना काढलं नाही, कारण ती मोटर दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. पण नागपूरहून भैयाजी नावाचा मिस्त्री आला आणि बाबा त्याच्या हाताखाली गेले. मिस्त्रीचं घर त्याला द्यावं लागलं. आम्ही नाल्याच्या पलीकडे कुडाच्या घरात राहायला गेलो. म्हणजे बाबा आणि माय गेले, मी मूलहून सुट्टीत येई. मायनं बाजेला पुन्हा सुतळी विणली.

चैतू आठव्या दिवशी पाळण्यावर आला. दांड्याला हात लावण्याआधी तो फ्यूजच्या पेटीशी गेला, तिथे बाबा होते.

"पेटी उघडा."

बाबांनी उघडली. चैतूनं वाकून आत पाहिलं.

"बारीक आहे," असं स्वतःशीच म्हणून तो दांड्यावर गेला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. मग ती रोजची रीतच झाली. भोंगा होई, चैतू येई, पेटी उघडा म्हणे, पाही आणि जाई. त्यापलीकडे तो बाबांशी बोलत नसे. आमच्या घरीही येत नसे. मंगली दिवाळीनंतर यायला लागली, मायशी बोलून जाई, पण बाबा घरी असले तर अंगणातूनच. भैयाजीला सुरुवातीला याची गंमत वाटे. तो बाबांना म्हणे, "त्याले काय समजते फ्यूजमधलं?"

"समजते," बाबा म्हणत.

असं तीन वर्षं चाललं. मी सुट्टीत आले असता एकदा बाबांना विचारलं, रोज वाईट वाटतं का. ते म्हणाले, "सकाळी पेटी उघडाले जड जाते, मंग दिवसभर बरं राहते." आणि दुसरं काही बोलू लागले.

बाबा यंदाच्या माघात गेले. त्याच्या नऊ दिवस आधीची गोष्ट. छातीत कफ दाटून त्यांना ताप होता, पंधरा दिवस ते कामावर गेले नव्हते, आणि मी रजा काढून आले होते. सकाळचा भोंगा होऊन गेला होता. अंगणात चैतू येऊन उभा राहिला. या घराच्या अंगणात तो प्रथमच येत होता.

"जोहार," तो म्हणाला. मायनं पोतं टाकलं, तो बसला नाही. दारातून आत बाजेकडे पाहून बोलला. "मिस्त्री, तुमी नाई तवापासून भैयाजी आपल्या हातानं पेटी दाखवे. आज नाई म्हनते. म्हनते, मी तुहा नोकर आहो काय. काम कर नाई तं घरी जा. मी दांड्याले हात नाई लावला. पाळना उभा आहे. साहेब वरून बोंबलून राह्यला."

बाबा कोपरावर उठले. "सदरा दे व," मायला म्हणाले.

"बाबा, एवढ्या तापात?" मी म्हटलं.

माय तोवर खुंटीवरून सदरा काढून आली होती. तिनं त्यांचे हात बाह्यांत घातले, गुंड्या लावल्या, डोक्याला पंचा बांधला.

नाल्यापर्यंत ते चालले, तिथे दगडावर बसले, खोकले. पुढे चैतूनं त्यांना काखेत धरलं. मी मागून चालत होते. चढणीच्या पायथ्याशी बाबा पुन्हा बसले. चैतू उभाच राहिला, बाबांचा श्वास खाली बसेपर्यंत.

गिरणीत माणसं हात बांधून उभी होती. गुणवंतराव घड्याळ पाहत होते. भैयाजी पेटीला पाठ लावून उभा होता. बाबांना पाहून तो जरा बाजूला सरला.

"काका, तुमी काऊन आले? याचं डोस्कं फिरलं आहे. रोज रोज काय दाखवाचं त्याले?"

"उघड गा भैयाजी," बाबा म्हणाले. "दोन मिनिटाचं काम आहे."

भैयाजीनं गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी मान हलवली. भैयाजीनं खटक्यानं पेटी उघडली आणि दूर झाला.

चैतू पुढे झाला नाही. तो बाबांना धरून होता. त्यानं त्यांना पेटीपर्यंत नेलं, भिंतीला हात टेकू दिला, आणि आपण दोन पावलं मागे आला.

"तुमी पाहा," तो म्हणाला.

बाबांची नजर कमी झाली होती. त्यांनी पेटीत तोंड घालावं इतकं जवळ जाऊन पाहिलं. एक बोट तारेपाशी नेलं, न टेकवता.

"बारीक आहे," ते म्हणाले.

चैतूनं स्वतः पाहिलं नाही. तो गेला आणि त्यानं दांडा ओढला.